मोज्यावरची सुरकुती

ऑक्टोबरच्या मध्यावर यूसीएलएच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, बास्केटबॉल संघाचा हंगामातला पहिला सराव असे. आपापल्या शाळा गाजवून आलेली उंचच उंच पोरं कान टवकारून बसत. एवढ्या स्पर्धा जिंकलेला हा प्रशिक्षक आज कुठलं गुपित सांगणार, याची उत्सुकता प्रत्येकाच्या चेहऱ्यावर. जॉन वुडन त्यांना बूट काढायला लावत आणि मोजा कसा घालायचा ते शिकवत.

मोजा आधी चवड्यावर नीट ओढायचा, मग टाचेवर. करंगळीच्या बाजूने आणि टाचेभोवती हात फिरवून बघायचा. सुरकुती लागली तर पुन्हा ओढून सपाट करायची. बूट चढवताना मोजा वरून धरून ठेवायचा. नाडी वरच्या टोकाला धरून एकदम आवळायची नाही, प्रत्येक भोकापाशी वेगळी ताणायची आणि शेवटी दुहेरी गाठ मारायची. कारणही ते सरळ सांगत. सुरकुतीने फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, आणि सराव बुडाला की ऐन सामन्यात पाय दगा देतो.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते मुलीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियाला गेले होते तेव्हा. बाळ झोपलं की दुपार माझी असायची. जावयांच्या पुस्तकांच्या फळीवर करीम अब्दुल-जब्बार यांचं ‘कोच वुडन अँड मी’ हे २०१७ मध्ये आलेलं पुस्तक होतं. बास्केटबॉलशी माझा संबंध आमच्या शाळेच्या मैदानावरच्या दोन गंजलेल्या खांबांपुरताच. पण एकतीस वर्षं मी माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आहे. मोज्याचा तो प्रसंग वाचला आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आठवीच्या पहिल्या तासाला मी मुलांना समीकरणातली बरोबरची चिन्हं एकाखाली एक लिहायला लावायची. हुशार मुलं चुळबुळायची, पालक वहीकडे बघून विचारायचे, यात गणित कुठं आहे? मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं. इथे एका माणसाने तेच काम आयुष्यभर केलं होतं आणि त्याच्याजवळ उत्तरही होतं.

त्या दुपारपासून मी वुडन यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आले आहे. त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० चा, इंडियाना राज्यातला. सेंटरटन गावाजवळ शेत होतं. घरात वीज नाही, नळ नाही. आई रॉक्सीने जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू शिवून दिला. वडिलांनी टोमॅटोच्या टोपलीचा तळ काढून ती गोठ्याच्या माळ्याला ठोकली. दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणाऱ्या माणसाचा पहिला चेंडू हा असा एक मोजाच होता.

वडील जोशुआ मितभाषी शेतकरी. वुडन त्यांची एक आठवण नेहमी सांगत. खडीच्या खाणीत एक तरुण गाडीवान आपल्या घोड्यांना मारत होता. गाडी रुतलेली, घोडी फेसाळलेली, जागची हलायला तयार नाहीत. जोशुआ पुढे झाले, घोड्यांच्या मानेवरून हात फिरवत त्यांच्याशी हळू आवाजात बोलले, लगाम धरून चार पावलं सोबत चालले आणि गाडी वर आली. पुढे चिडलेल्या, थकलेल्या, हट्टाला पेटलेल्या कितीतरी मुलांसमोर हा मुलगा उभा राहिला तेव्हा त्याच्याजवळ वडिलांचा तो हात होता.

मग शेत गेलं. डुकरांना टोचलेली लस सदोष निघाली, डुकरं मेली. त्यात पाऊस रुसला, कर्ज फिटेना. खोट्या बियाण्याने एखादं बिऱ्हाड कसं उठतं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. जोशुआंनी कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. मार्टिन्सव्हिल गावातल्या आरोग्यधामात नोकरी धरली आणि संसार ओढला. खोटं बोलू नका, फसवू नका, चोरी करू नका. कुरकुर करू नका, गाऱ्हाणी सांगू नका, सबबी देऊ नका, असं ते मुलांना सांगत, आणि सांगितलं तसे वागले. जॉन आठवी पास झाला तेव्हा वडिलांनी त्याला दोन डॉलरची नोट दिली आणि एक कार्ड. कार्डावर सात गोष्टी लिहिल्या होत्या: स्वतःशी खरं राहणं, दुसऱ्याला मदत करणं, प्रत्येक दिवस मन ओतून जगणं, चांगली पुस्तकं वाचणं, मैत्री जोपासणं, पडत्या काळाची तजवीज ठेवणं आणि देवाचे आभार मानणं. त्या मजकुराची प्रत वुडन यांच्या पाकिटात म्हातारपणापर्यंत होती.

खेळाडू म्हणूनही ते साधेसुधे नव्हते. परड्यू विद्यापीठात असताना सलग तीन वर्षं देशाच्या सर्वोत्तम संघात त्यांची निवड झाली. पण त्यांनी पदवी घेतली इंग्रजी साहित्याची आणि शाळेत मास्तर झाले. ८ ऑगस्ट १९३२ ला नेल रायलीशी लग्न झालं. त्याच्या दोनच दिवस आधी बँक बुडाली आणि जपून साठवलेले नऊशेहून थोडे अधिक डॉलर गेले. मंदीचे दिवस होते. केंटकीतल्या डेटनच्या शाळेत त्यांचं प्रशिक्षक म्हणून पहिलं वर्ष पराभवांचं गेलं. जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त, असा त्यांच्या आयुष्यातला तो एकच हंगाम.

मग साउथ बेंडची शाळा. इथे वुडन यांच्या विचाराची कोनशिला बसली आणि मला ते अगदी ओळखीचे वाटले ते इथेच. मुलाला मधली श्रेणी मिळाली की पालक चिडून येत. शेजारच्याला मधली श्रेणी मिळाली तर चांगली म्हणणारे तेच लोक, आपल्या मुलाला ती मिळाली की मास्तरांना दोष देत. सगळ्यांना सारखी बुद्धी नसते हे उघड दिसत असताना एकाच पट्टीने यश कसं मोजायचं, हा प्रश्न वुडन यांना छळू लागला. १९३४ मध्ये त्यांनी स्वतःपुरती यशाची व्याख्या लिहून काढली. आपल्याला जे होता येणं शक्य आहे ते होण्यासाठी आपण जिवापाड प्रयत्न केला, हे ठाऊक असल्याने मनाला मिळणारी शांती म्हणजे यश. म्हणजे यश झालं की नाही हे गुणपत्रक सांगू शकत नाही, ज्याचं त्यालाच ते कळतं. मग या व्याख्येपर्यंत पोचायचं कसं, ते दाखवण्यासाठी त्यांनी पंधरा ठोकळ्यांचा एक पिरॅमिड रचायला घेतला. तळाच्या दोन कोपऱ्यांवर मेहनत आणि उत्साह ठेवले. शब्द बदलत, जागा बदलत तो पुरा व्हायला चौदा वर्षं लागली.

इथे एक सल सांगते. निकालाच्या दिवशी मी वर्गात गुण मोठ्याने वाचायची, वरून खाली. एका वर्षी सहामाहीत बारा गुण मिळवलेल्या एका मुलाने वार्षिक परीक्षेत एकतीस मिळवले. त्या वर्गात इतकी मजल कुणीच मारली नव्हती. त्याचं नाव मी यादीच्या तळाशी वाचलं आणि पुढे गेले. खाली घातलेली त्याची मान मला आजही दिसते. साउथ बेंडच्या त्या मास्तरांची व्याख्या तेव्हा माझ्याजवळ असती तर मी त्या दिवशी सुरुवात त्याच्या नावाने केली असती.

दुसऱ्या महायुद्धात वुडन नौदलात होते. परतल्यावर इंडियाना स्टेट या शिक्षक महाविद्यालयाच्या संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९४७ मध्ये संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण मिळालं, पण कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथे मज्जाव होता. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. तो मुख्य खेळाडूंपैकी नव्हता. त्याला मागे ठेवून गेले असते तर निकालात फारसा फरक पडला नसता. वुडन यांनी आमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली, संघ गेला आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. वुडन यांनी याचं कधी भांडवल केलं नाही. संघ म्हटला की सगळे, एवढाच त्यांचा हिशोब.

१९४८ मध्ये दोन विद्यापीठांनी त्यांना विचारलं. मन मिनेसोटाकडे होतं, कारण ते घरापासून जवळ. मिनेसोटाचा फोन ठरल्या वेळी यायचा होता. तिकडे हिमवादळ झालं, तारा तुटल्या, फोन आला नाही. तेवढ्यात यूसीएलएचा फोन आला आणि वुडन हो म्हणाले. थोड्या वेळाने मिनेसोटाचा फोन लागला, सगळ्या अटी मान्य होत्या. वुडन म्हणाले, मी शब्द दिला आहे. कागदावर सही झालेली नव्हती. तोंडी हो म्हटलं होतं, एवढंच.

त्या शब्दाने त्यांना जिथे नेलं तिथे धड सभागृहही नव्हतं. कोंदट व्यायामशाळा होती. शेजारी कुस्तीगीर आणि कसरतपटू घाम गाळत असत. सरावाआधी वुडन स्वतः फरशी पुसायला लागत. अशी सोळा वर्षं गेली. राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदा आलं १९६४ मध्ये, एकही सामना न हरता. वुडन तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. ते वर्ष धरून बारा वर्षांच्या हिशोबात दहा विजेतेपदं जमा झाली, त्यांतली सात सलग, १९६७ ते १९७३. जग त्या बारा वर्षांबद्दल बोलतं. माझं मन आधीच्या सोळा वर्षांपाशी थांबतं. आज कुठली संस्था एखाद्या माणसाला सोळा वर्षं देईल? आणि कुणाची चिकाटी विजेतेपदाशिवाय सोळा वर्षं ताजी राहील?

ती ताजी राहिली कारण त्यांचं लक्ष रोजच्या सरावात होतं. दोन तासांच्या सरावासाठी ते सकाळी तेवढाच वेळ बसून आखणी करत. कुठल्या मिनिटाला काय, हे छोट्या कार्डावर लिहिलेलं असे. वर्षानुवर्षांची कार्डं आणि वह्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी या दिवशी आपण कुठं होतो ते त्यांना काढून बघता येई. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ प्रेक्षकांच्या बाकावर बसून त्यांचं शिकवणं टिपत होते. पंधरा सरावांत त्यांनी २,३२६ नोंदी केल्या. त्यांतल्या तीन चतुर्थांश नोंदी निव्वळ शिकवण्याच्या होत्या: हे असं कर, पाय इथे ठेव, पास छातीच्या उंचीवर दे. कौतुकाच्या नोंदी सुमारे सात टक्के, नाराजीच्याही जवळपास तेवढ्याच. चूक झाली की वुडन बरोबर कसं करायचं ते करून दाखवत, मग चूक कशी झाली ते दाखवत, मग पुन्हा बरोबर. सगळं काही सेकंदांत, आणि खेळ पुढे चालू. भाषण नाही, अपमान नाही. हे आकडे वाचून मी माझे तास आठवले. मी किती बोलायची, आणि त्यात शिकवणं किती असायचं!

सामन्यात ते बाकावर बसून असत, हातात कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी. काम आठवडाभर सरावात झालेलं आहे, आता पोरांनी खेळायचं, अशी त्यांची भावना. शिवी तोंडात नव्हती. परगावच्या सामन्यानंतरही कपडे बदलायची खोली खेळाडूंनीच झाडून स्वच्छ करून निघायचं, असा नियम होता; तिथल्या सफाईवाल्याने आपला कचरा का उचलावा? आणि आणखी एक नियम होता. बास्केट ज्याने केली त्याने ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट करायचं, मान डोलवायची, डोळ्यांनी आभार मानायचे. एका खेळाडूने विचारलं, तो बघतच नसेल तर? वुडन म्हणाले, तो बघत असेल.

बिल वॉल्टन हा त्यांचा सर्वांत बंडखोर विद्यार्थी. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात निदर्शनं करताना त्याला अटक झाली होती. देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव गाजत असताना तो सरावाला लांब केसांनी आला आणि केस कापायला लावायचा तुम्हाला अधिकार नाही, असं म्हणाला. वुडन म्हणाले, खरं आहे, मला तो अधिकार नाही. संघात कोण खेळेल हे ठरवायचा अधिकार मात्र माझा आहे, आणि तुझी आठवण येईल आम्हाला. वॉल्टन सायकलवर टांग मारून न्हाव्याकडे गेला. आवाज चढला नाही, नियम वाकला नाही, आणि मुलाच्या मताचा अपमानही झाला नाही. याच वॉल्टनने पुढे आपल्या चार मुलांच्या डब्याच्या पिशव्यांवर वुडन यांची वचनं लिहिली.

करीम, तेव्हाचा ल्यू अल्सिंडॉर, सात फुटांहून उंच. १९६७ मध्ये चेंडू वरून बास्केटमध्ये दडपण्यावर, म्हणजे डंकवर, बंदी आली. ती आपल्यालाच डोळ्यासमोर ठेवून आणली, असं त्याला वाटलं. वुडन यांनी त्याला सांगितलं की याने तू अधिक चांगला खेळाडू होशील. करीमने डोक्यावरून एका हाताने चेंडू टाकायचा हुक शॉट घासूनपुसून लखलखीत केला, आणि त्या फटक्याच्या बळावर व्यावसायिक खेळात ३८,३८७ गुणांचा जो विक्रम रचला तो २०२३ पर्यंत टिकला. अन्याय झाला असेल, तरी त्यावर गाऱ्हाणं सांगत बसायचं नाही. जोशुआ वुडन यांची शिकवण दोन पिढ्या ओलांडून न्यूयॉर्कच्या एका मुलापर्यंत पोचली ती अशी.

सलग ८८ विजयांची मालिका १९ जानेवारी १९७४ ला तुटली. नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध शेवटची साडेतीन मिनिटं उरली असताना यूसीएलए अकरा गुणांनी पुढे होतं. त्यानंतरचे बाराच्या बारा गुण नोत्र दामने केले आणि सामना ७१-७० असा गेला. गाव कुठलं, तर साउथ बेंड. जिथे यशाची व्याख्या सुचली, तिथेच ती तपासून बघायची वेळ आली. आठवड्याने पुन्हा सामना झाला, तो यूसीएलएने ९४-७५ असा जिंकला.

माणूस निर्दोष नव्हता, आणि जे खरं आहे ते सांगितलंच पाहिजे. एक धनाढ्य चाहता बरीच वर्षं यूसीएलएच्या खेळाडूंना नियमाबाहेरच्या सवलती आणि भेटी देत होता. वुडन निवृत्त झाल्यानंतर, १९८१ मध्ये, विद्यापीठावर कारवाई झाली. वुडन यांनी त्यात हात घातला असं कुणी म्हणत नाही. पण त्यांनी पुरेसं डोळे उघडून पाहिलं नाही, आणि कदाचित आपली नजर आखूड पडली असं त्यांनी पुढे मान्यही केलं. मोज्यावरची सुरकुती ज्या डोळ्यांना दिसायची त्यांना एवढी मोठी सुरकुती दिसली नाही. याने माझा आदर उणावत नाही. पण आपल्याला सोयीचं असतं तिथे बोट फिरवून बघायला चांगला माणूसही विसरतो, हे मी त्यातून शिकले.

१९७५ मध्ये उपांत्य सामना जिंकल्यावर त्यांनी खेळाडूंना सांगितलं की हे माझं शेवटचं. दोन दिवसांनी संघाने केंटकीला ९२-८५ असं हरवून दहावं विजेतेपद दिलं. यूसीएलएमध्ये ६२० विजय आणि १४७ पराभव. या सत्तावीस वर्षांत पगार कधी फार मोठा झाला नाही. निवृत्तीनंतर एन्सिनोतलं छोटं घर, पुस्तकं, कविता. सर्वांत आदराची दोन माणसं कोण, असं कुणी विचारलं तर ते अब्राहम लिंकन आणि आपल्या कोलकात्याच्या मदर तेरेसा अशी नावं घेत.

नेल २१ मार्च १९८५ ला गेली. शाळेच्या दिवसांपासून प्रत्येक सामन्याआधी वुडन गर्दीत तिला शोधत, नजरानजर झाली की मग खेळ सुरू. ती गेल्यावर दर महिन्याच्या २१ तारखेला ते तिला पत्र लिहीत, घडी करून तिच्या उशीवर ठेवत. पलंगावर झोपत ते आपल्याच बाजूला. वीस वर्षांहून अधिक काळ, नजर साथ देईनाशी होईपर्यंत, हा नेम चालला. ४ जून २०१० ला ते गेले, शंभरीला चार महिने कमी असताना.

भारतात परतण्याआधी मुलीने मला यूसीएलएचं क्रीडागृह, पॉली पॅव्हेलियन, दाखवायला नेलं. बाहेर वुडन यांचा पुतळा आहे. नातू माझ्या खांद्यावर झोपला होता, एका पायातला मोजा निसटून चवड्यावर आला होता. तो मी वर ओढला, टाचेपाशी बोट फिरवून सपाट केला आणि मग आम्ही पुढे गेलो.

२००३ मध्ये विद्यापीठाने तिथल्या मैदानाला वुडन यांचं नाव द्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी अट घातली होती: नेलचं नाव हवं, आणि माझ्या आधी हवं. पॉली पॅव्हेलियनच्या लाकडी जमिनीवर आज ‘नेल अँड जॉन वुडन कोर्ट’ असं लिहिलेलं आहे.